स्पीकर काढलेलं यंत्र

मुनीरभाईंचा विषय निघाला की मी गप्प होते. गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही. नांदेडच्या एका धर्मादाय हॉस्पिटलच्या वायरलेस खोलीत मी वीस वर्षं बसले, म्हणजे बोलणं हीच माझी नोकरी. पण या माणसाबद्दल काय बोलावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. सकाळी वाटतं, असा सज्जन शोधून सापडायचा नाही. दुपारी, त्यातून उन्हाळ्यातल्या दुपारी, त्याच सज्जनपणाचा राग येतो. ज्याच्याबद्दल मत पक्कं झालंय त्याच्यावर लिहिणं सोपं असणार. माझं तसं झालेलं नाही, तरी लिहिते आहे.

ते नेमके कोण, इथपासूनच गोंधळ. स्टेशनकडून नदीकडं उतरणाऱ्या एका बोळात त्यांचं दुकान होतं. पाटीवर 'रेडिओ, टेप, वायरलेस' असं होतं आणि त्यातल्या 'टेप'वर नंतर चुना फासलेला होता. धंदा वडिलांपासूनचा. सत्तरीला टेकलेले, उंच, किडकिडीत. अंगात पांढरा शर्ट आणि त्याला शिंप्याकडून मुद्दाम खोल करून घेतलेला खिसा. तीन वर्षांपूर्वी त्या खिशात एक छोटा सेट आणि डाव्या कानात काळी बोंडी दिसायला लागली. मला वाटलं, वयानं ऐकू कमी येत असेल. चार-सहा महिने मी त्यांच्याशी ओरडून बोलले. एक दिवस हातातला सेट खाली ठेवून ते शांतपणे म्हणाले, "ताई, मला ऐकू येतं. तुम्हा लातूरवाल्यांची बोलायची पद्धतच अशी हाय म्हणून इतके दिवस काही बोललो न्हाई."

मी लातूरची, म्हणून हे. लातूरवाले सगळं घोकून पाठ करतात आणि मग मोठ्यानं म्हणून दाखवतात, असं त्यांचं मत होतं.

तर लोक त्यांना मिस्त्री म्हणत, पण दुरुस्ती हे त्यांचं खरं काम नव्हतं. वायरलेस आता नुसता पोलिसांकडं आणि रेल्वेकडं राहिलेला नाही. आमच्या ॲम्ब्युलन्स आहेत, साखर कारखाने आहेत, कापसाच्या जिनिंगचे पहारेकरी आहेत, आणि मंडपवाले, आचारी, गाड्या लावून घेणारे, सगळ्यांच्या कमरेला वॉकीटॉकी. परवाना सरकार देतं, पण सरकार लांब बसतं आणि सेट मोबाइलवरून मागवला की तिसऱ्या दिवशी दारात. मग ज्याला जो चॅनेल सापडेल त्यावर तो बोलतो. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात, दुसऱ्याचं तिसऱ्याच्या. असं झालं की नांदेडपासून इकडं लातूरच्या शिवेपर्यंत सगळे एकाच माणसाकडं यायचे. मुनीरभाई एक जाड वही उघडायचे. तिच्यात कोण कुठल्या चॅनेलवर आहे ते लिहिलेलं असायचं, शाईनं, वळणदार मराठीत. कालव्याच्या पाण्याची पाळी लावतात तशी ते हवेची पाळी लावून द्यायचे. तुम्ही या चॅनेलवर जा, तुम्ही त्या, तुमचं काम सकाळचं, त्यांचं संध्याकाळचं, मग भांडण कशाला. ज्याच्याकडं परवान्याचा कागद नाही त्याला आधी कागद करायला पाठवायचे. आणि शेवटी ठरलेलं वाक्य यायचं, "हवा कुणाच्या बापाची न्हाई. म्हणून तर पाळी लागते."

त्यांना हा अधिकार कुणी दिला, असं मी एकदा विचारलं. कुणी न्हाई, म्हणाले, आणि चहा सांगितला.

कंधारचं लग्न मला त्यांनी स्वतः सांगितलं नाही, आमचा ड्रायव्हर बालाजी त्या लग्नात होता, त्यानं सांगितलं. मंगल कार्यालयात आचाऱ्याच्या माणसांकडं वॉकीटॉकी आणि फाटकावर गाड्या लावणाऱ्यांकडंही वॉकीटॉकी, दोघं एकाच चॅनेलवर. आचारी आतून म्हणाला, भात संपत आलाय, आता एकालाही आत सोडू नका. त्याला पंगतीत म्हणायचं होतं. फाटकवाल्यांनी फाटक लावलं. बाहेर नेमका नवरीचा मामा. आता मामाशिवाय नवरीला बोहल्यावर आणणार कोण? भटजी आत घड्याळ बघतायत, मामा बाहेर उन्हात उभा राहून आपण मामा असल्याचं पटवून देतोय, आणि फाटकवाले म्हणतायत, वरून ऑर्डर आहे. मुहूर्त टळला. दोन्हीकडचे लोक काठ्या काढायच्या बेतात असताना कुणाला तरी मुनीरभाईंचं नाव आठवलं. दुसऱ्या दिवशी आचारी आणि फाटकवाला त्यांच्या दुकानात एका बाकावर बसून चहा पीत होते आणि वहीत दोघांची नावं वेगवेगळ्या रकान्यात चढली होती. दोघांनाही त्यांनी एकच ताकीद दिली होती की सेट उन्हात ठेवू नका. जुना सेट तापला की आपल्या जागेवरून सरकतो आणि शेजाऱ्याचा बांध कोरतो. बांध कोरणं म्हटल्यावर आपल्याकडं कुणाला जास्त समजावून सांगावं लागत नाही.

आता त्यांच्या सगळ्यात विचित्र सवयीकडं येते. ते दुसऱ्याचं बोलणं ऐकत नसत. कुणी सांगायला लागलं की मुनीरभाई, आमच्या चॅनेलवर एक जण असं असं म्हणत होता, की त्यांचा उजवा तळहात वर यायचा. लांब बोटांचा, रांधा मारलेल्या फळीसारखा सपाट तळहात. "काय बोलला ते सांगू नका. कुठून बोलला ते बघू." त्यांच्याकडं व्यत्यय हुडकायचं एक यंत्र होतं, त्यांनी स्वतः बांधलेलं. एक पेटी, तिच्यावर काटा, आणि पूर्वी घराघरांच्या छतावर टीव्हीचा असायचा तसला पण हातात मावणारा अँटेना. ज्या दिशेला अँटेना धरल्यावर काटा सगळ्यात वर जाईल, तिकडं बोलणारा. त्या यंत्राचा स्पीकर त्यांनी काढून टाकला होता. मी म्हटलं, आवाज ऐकू आला तर शोधायला सोपं नाही का जाणार? तर म्हणाले, लोक हवेत काय काय बोलतात ताई, घरचं, दारचं, आजाराचं. ते आपल्यासाठी नसतंय. आपलं काम दिशा सांगायचं. आमच्या वायरलेस खोलीत आले तरी स्पीकरवर कुणी बोलायला लागलं की ते उठून व्हरांड्यात जाऊन उभे राहायचे. मला त्या वेळी हे नाटक वाटायचं. माझं तर कामच दुसऱ्याचं ऐकायचं, मग मी कोण ठरले?

गेल्या वर्षी पाडवा झाला आणि आमच्या चॅनेलवर कुणीतरी श्वास घ्यायला लागलं.

खरंच, दुसरं काही नाही, श्वास. दुपारी बारा-साडेबाराला सुरू व्हायचा, चार-साडेचारला थांबायचा. पाठीमागं पंख्याचा आवाज. मधूनच खोकला. मधूनच एका बाईचा जड, ओढलेला आवाज, "अजी…" आणि पुन्हा श्वास. शहरातला आवाज पंचवीस कोसांवर ऐकू जावा म्हणून हॉस्पिटलवर मनोरा आहे, तो मनोरा जे येईल ते उचलून सगळीकडं पसरवतो. त्यामुळं हिमायतनगरच्या रस्त्यावरच्या गाडीतही तोच श्वास आणि कंधारच्या गाडीतही तोच. ड्रायव्हर लोकांनी आधी चेष्टा केली. कुणी म्हणालं हडळ आहे, कुणी म्हणालं बालाजीची सासू आहे. आठवडाभरानं चेष्टा थांबली, कारण तो श्वास सुरू असेपर्यंत आमचं कुणाचंच बोलणं नीट पोचेना. मी डावीकडं म्हणायची, गाडीत ऐकू यायचं ते अर्धंच. सांगून सांगून माझा घसा बसायचा आणि मग मी त्या न दिसणाऱ्या बाईवर चिडायची. बाई, झोप ना एकदाची, असं मी एकदा माइकवर म्हणाले होते. ते मला आता आठवू नये असं वाटतं.

मुनीरभाईंना बोलावलं. मी सांगायला सुरुवात केली की एक बाई आहे, तळहात वर आला. मी चिडले आणि गप्प बसले. मी हट्टानं सांगायला हवं होतं. पण वीस वर्षांची सवय, त्या तळहातापुढं कुणाचंच चालत नसे.

तीन आठवडे आम्ही फिरलो. दुपारी माझ्या जागी दुसरीला बसवायचं, बालाजी जुनी गाडी काढायचा, आणि मुनीरभाईंना त्यांच्या घरून घ्यायचं. सुरुवात कायम त्यांच्या गच्चीवरून, कारण त्या मोहल्ल्यात तीच उंच. जिना बाहेरून होता, त्यामुळं घरात जायची वेळ येत नसे. गच्चीवर उभं राहून ते अँटेना चहूबाजूंना फिरवायचे आणि दरवेळी तेच, काटा सगळ्याच दिशांना टोकाला. पूर्वेलाही आणि पश्चिमेलाही. ते पेटीवर टिचकी मारायचे, काटा अडकतोय म्हणायचे, आणि आम्ही खाली उतरायचो. मग कुठं काटा कंधारच्या बाजूला दाखवायचा तर कुठं हिमायतनगरच्या. लांब गेलं की तो उलटा आमच्या हॉस्पिटलच्या मनोऱ्याकडंच बोट दाखवायचा. मनोरा नुसता निरोप्या आहे, पण निरोप त्याच्याकडं कोण देतंय ते कळेना. माझ्या डोक्यात या सगळ्या दिशांचा असा काला झाला की एकदा घरी जाताना मी चुकीच्या बसमध्ये बसले.

या फिरण्यात आम्हाला दरवेळी दुसराच चोर सापडायचा. एकदा काटा थरथरत एका पानटपरीपाशी जाऊन थांबला. टपरीवर नवी चकमकणारी पाटी होती, तिच्या आतल्या दिव्यांचा कचरा हवेत पसरत होता. टपरीवाला पाटी बंद करायला तयार नव्हता आणि तारा-बिरा त्याला कळत नव्हत्या. मुनीरभाईंनी एक पान बांधायला सांगितलं आणि खिशातून तारेतला कचरा अडवणारं, लोखंडासारखं काळं कडं काढून पाटीच्या तारेभोवती बसवलं. म्हणाले, हे राहू दे, धंद्याला नजर लागत न्हाई. टपरीवाल्यानं कड्याला हात लावून कपाळाला लावला. काटा खाली आला. गाडीत बसल्यावर मी विचारलं, टपरीच्या अगदी समोर उभे होतात तेव्हा काटा चारीकडं टोकाला का जात होता? "लई जवळ गेलं की तो सगळीकडंच दाखवतो, ताई," ते म्हणाले, "मग दोन पावलं मागं सरायचं." हे त्यांनी सांगितलं, मी ऐकलं, बालाजीनं ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या गच्चीवर काटा पुन्हा चारीकडं टोकाला गेला तेव्हा आम्हा तिघांपैकी एकालाही ते आठवलं नाही.

कानातल्या बोंडीचं मला याच दिवसांत कळलं. सकाळच्या वेळी ते बोलता बोलता एकदम उठून जात, आम्हाला उद्धट वाटत. बालाजीनं सांगितलं की त्यांची बायको, शाहिदाभाभी, तीन वर्षांपासून अंथरुणाला आहेत. अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली, बोलणंही जवळजवळ गेलं. मोबाइल धरता येत नाही. मुलगा हैदराबादला. सकाळ-संध्याकाळ शेजारची एक बाई येते, बाकी मुनीरभाईच. म्हणून त्यांनी भाभींच्या उशाशी एक जुना सेट ठेवला होता, आवाज झाला की आपोआप चालू होणारा, आणि त्याचा जोडीदार खिशात. भाभींनी हाक मारली की ती कानात येणार आणि हे दुकानातून घरी पळणार. जगातलं हे एकच बोलणं ते ऐकत होते.

मी त्यांना म्हटलं, आपण रोज दुपारी असे फिरतो, भाभींचं काय? त्यांनी खिशावर हळूच हात ठेवला. चेहऱ्यावर समाधान होतं. म्हणाले, "दुपारची निवांत झोपते ती. सकाळी हाका, संध्याकाळी हाका, दुपारी एक आवाज न्हाई. उन्हाळा लागल्यापासून झोप चांगली लागून राहिली. म्हणून तर तुमच्यासंगं फिरता येतं."

आता वाचणाऱ्याला सगळं दिसत असेल. आम्हाला दिसत नव्हतं. न्यायाला बसलेल्या माणसाच्या घराची कुणी झडती घेत नाही.

चौथ्या आठवड्यात गोष्ट गळ्याशी आली. हिमायतनगरच्या पुढच्या एका वस्तीवर बाळंतीण अडली होती. बालाजी गाडी घेऊन गेला. रस्त्याला फाटा फुटतो तिथं त्यानं विचारलं, कुठल्या अंगाला? तिथं मोबाइल लागत नाही, म्हणून तर वायरलेस. मी सांगितलं कालव्याच्या अंगाला. चार वेळा सांगितलं. त्याला ऐकू आला फक्त श्वास. तो दुसऱ्या रस्त्यानं गेला, परत फिरला, आणि पोचला तेव्हा अर्धा तास गेला होता. बाळंतपण गाडीतच झालं, एका लिंबाखाली. मूल बराच वेळ रडलं नाही. तेवढा वेळ मी इकडं माइक हातात घेऊन उभी होते आणि मला काहीच कळत नव्हतं, कारण बालाजी ओरडून जे सांगत होता त्यावर ती बाई श्वास घेत होती. मूल रडलं हे मला तासाभरानं कळलं. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, आठ दिवसांत हे थांबलं नाही तर वायरलेस बंद करू. बंद केला तर त्या फाट्यापलीकडच्या गावांनी काय करायचं?

त्याच दुपारी आम्ही पुन्हा मुनीरभाईंच्या गच्चीवर. ऊन असं की पायाखालची फरशी चपलेतून भाजत होती. मला गरगरलं. ते म्हणाले, खाली जा, माठातलं पाणी प्या, आवाज करू नका, ती झोपली असेल.

मी आत गेले. शाहिदाभाभी जाग्या होत्या.

दाराकडं तोंड करून पडल्या होत्या आणि मला बघून अर्ध्या चेहऱ्यानं हसल्या. वर पंखा फिरत होता. तीन फेरे गुपचूप आणि चौथ्याला टक्. तीन फेरे आणि टक्. मी हा पंखा महिनाभर ओळखत होते. उशाशी असलेल्या खिडकीच्या कट्ट्यावर तो जुना सेट होता, त्याच्यावर दुपारचं ऊन सरळ पडलं होतं, आणि त्याचा लाल दिवा लागलेला होता. भाभी म्हणाल्या, "अजी…" माझ्याकडं बघत, पण मला नाही, नवऱ्याला.

मी पाणी न पिताच बाहेर आले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण जिभेवर आली होती, ती गिळली. मला त्या क्षणी त्यांना सांगता आलं नाही. सांगितलं की सेट बंद होणार आणि त्या बाईची हाक कायमची खोलीत कोंडणार. नाही सांगितलं तर पुढचं मूल रडेलच असं नाही. आणि तिसरी गोष्ट मला जिन्यात उमगली. भाभी दुपारी झोपत नव्हत्या. सेट उन्हानं तापून सरकत होता आणि त्यांच्या हाका त्यांच्या नवऱ्याच्या कानाऐवजी आमच्या चॅनेलवर येत होत्या. त्या हाका मारत होत्या म्हणून आम्ही त्यांच्या नवऱ्याला रोज दुपारी उन्हात घेऊन फिरत होतो, आणि तो घरी नाही म्हणून त्या आणखी हाका मारत होत्या.

एक अख्खा दिवस मी काहीच केलं नाही. तिसऱ्या दिवशी, दुपारी दीडला, मी मुनीरभाईंना वायरलेस खोलीत बोलावलं. ते आले, बसले. स्पीकरमध्ये श्वास सुरू झाला तसे ते सवयीनं उठले आणि दाराकडं निघाले. मी दारात उभी राहिले. म्हटलं, आज बाहेर जायचं नाही. त्यांचा तळहात वर आला. मी बाजूला झाले नाही.

"मुनीरभाई, कुठून ते मला कळलंय. आज तुम्ही फक्त ऐका."

ते रागावले. त्यांना रागावलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. काही बोलणार तेवढ्यात स्पीकरमध्ये पंख्याची टक् झाली, मग खोकला, मग ती म्हणाली, "अजी… किदर हैं…"

तळहात तसाच हवेत राहिला. ते स्पीकरकडं बघत होते आणि दुसरा हात डाव्या कानातली बोंडी चाचपत होता, आत आहे ना, पडली तर नाही ना. बोंडीत शांतता होती. स्पीकरमधून त्यांची बायको त्यांना बोलावत होती. मग त्यांनी खिशातला सेट काढला. त्यात ते कधी बोलत नसत, नुसते ऐकत. तो तोंडापाशी नेऊन म्हणाले, "आया. अभी आया."

आमच्या स्पीकरमधला श्वास थांबला. मग एक लहानसा हुंकार आला, रडण्याचा की हसण्याचा ते मला कळलं नाही.

ते बाकावर बसले. म्हणाले, तापला. तापला की सरकतो, मी लोकांना सांगत फिरलो. आवाज बाहेर जातो तो भाग सरकला, आत येतो तो न्हाई, म्हणून माझं तिला ऐकू जातं आणि तिचं मला न्हाई. हे सगळं त्यांनी दुसऱ्या कुणाच्या सेटबद्दल सांगावं तसं सांगितलं. मग विचारलं, "किती दिवस झाले, ताई?"

पाडव्यापासून, मी म्हटलं.

ते उठले आणि व्हरांड्यातून निघून गेले. चपला आमच्या दारातच राहिल्या. त्या दुपारी दोन वाजता आमचा चॅनेल स्वच्छ झाला आणि नंतर कधी तो श्वास आला नाही. डॉक्टरांनी मला शाबासकी दिली. ती कुठं ठेवावी ते मला कळेना.

चपला परत द्यायला म्हणून मी चार दिवसांनी गेले. दुकानाला कुलूप होतं. घरी गेले तर दुकान घरात आलेलं, भाभींच्या पलंगाला लागून टेबल, त्यावर सेट, तारा जोडायला डाग द्यायची मशीन, आणि ती वही. खिडकीतला सेट नव्हता. त्यांनी मला वहीचं शेवटचं पान दाखवलं. तिथं एका बंद पडलेल्या कारखान्याच्या रिकाम्या चॅनेलपुढं पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'घर'. सगळी वही शाईत आणि ही एक ओळ पेन्सिलीत. त्यावर आता आडवी रेघ होती. लोकांना कागद मागत फिरलो आणि स्वतःचं पेन्सिलीत लिहिलं, म्हणाले. मी म्हटलं, रिकामी जागाच घेतली होती तुम्ही. त्यांनी वही मिटली.

मग ते म्हणाले, "ताई, एक विचारू? तुम्ही रोज ऐकत होता. दुपारी ती काय काय म्हणायची?"

वीस वर्षांत त्यांनी मला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला होता. माझ्या नोंदवहीत वेळा होत्या. बारा चाळीस, व्यत्यय. दोन दहा, व्यत्यय. शब्द मी लिहिले नव्हते, कारण मला ते ऐकायचेच नव्हते. तरी आठवत गेले. पाणी म्हणाल्या होत्या, दोनदा तरी. एकदा कसलं तरी गाणं गुणगुणत होत्या, सूर तेवढा होता. एकदा खूप वेळ हसत होत्या, बहुतेक खिडकीत मांजर आलं असेल. मांजराचं मला नक्की माहीत नव्हतं, मी ते जोडलं. जोडलं की आठवलं, हे आज सांगता येणार नाही. मुनीरभाई खाली मान घालून एकेक ऐकत होते, आणि भाभी उशीवरून आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघत होत्या.

"अजून?" ते म्हणाले.

मी म्हटलं, एकदा त्या म्हणाल्या की…

"अजी," पलंगावरून आवाज आला, हलका, जवळून.

मुनीरभाईंचा तळहात वर आला, तोच, सपाट, आणि मला जिथल्या तिथं थांबवून ते तिच्याकडं वाकले. तिच्या तोंडाशी कान नेला. कानात आता बोंडी नव्हती. ती काहीतरी सांगत होती, तिला वेळ लागत होता, आणि ते ऐकत होते. तळहात माझ्या दिशेनं तसाच धरलेला होता.

श्रावणात ते दोघं मुलाकडं हैदराबादला गेले. मी भेटायला गेले नाही, कारण काय बोलावं हे तेव्हाही ठरत नव्हतं. चपला द्यायला गेले होते त्या दिवशी मात्र मी बराच वेळ त्या तळहातासमोर उभी राहिले, आणि मग त्या चपला दाराशी ठेवून, आवाज न करता, बाहेरच्या बाहेर निघाले.